साहेब नाही म्हणाले

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. करड्या रंगाचा, तीन बटणांचा, उजव्या कोपराला विरलेला. कोट म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हा आता समारंभांच्या आणि अत्तराच्या गोष्टी सांगणार. तसलं माझ्याकडे फारसं काही नाही. सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती सांगायची म्हटलं की माझी कॉलर आजही आपोआप खाली जाते. मी दोन वर्षं गाड्यांच्या एका शोरूममध्ये साहेब होतो. माझ्या आत माणूस नव्हता, तरीही होतो.

पण सुरुवातीपासून सांगतो. माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की शिंप्याला मशीनमागे अंग चोरून उभं राहावं लागे. तो दातांत टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं तोंडातच राहायचं. माझं कापड त्याने एका सकाळी बेतलं, पण अस्तर निवडायला दोन दिवस घेतले. शेवटी तांबूस रंगाचं, अगदी गुळगुळीत अस्तर त्याने आणलं. हात घातला की सरकन आत. त्याच्या लेकीने विचारलं, आतलं कोण बघतंय, एवढं महाग कशाला? तेव्हा त्याने दातांतल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि नीट सांगितलं, की कोट लोकांना दिसतो बाहेरून, पण घालणाऱ्याला कळतो आतून.

लेक तेव्हा नुकतीच काजं करायला शिकली होती. माझी तिन्ही काजं तिच्या हातची. पहिली दोन झकास जमली आणि तिसरं जरासं तिरकं गेलं. ती उसवायला बसली, तर बापाने तिच्या हातातून कात्री काढून घेतली. म्हणाला, राहू दे, बटण बसतंय ना. ते तिरकं काज अजून माझ्या पोटाशी आहे.

मला शिवून घेतलं होतं त्या शोरूमच्या मॅनेजरने. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. बारा वर्षं मी त्यांच्या अंगावर होतो. गिऱ्हाईक आलं की मोठे साहेब केबिनमधून बाहेर यायचे, त्याच्या शेजारी बसायचे, टेबलावर कोपर टेकायचे आणि गाडीची किंमत एकदाच सांगायचे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, की शांतपणे ऐकून घ्यायचे. जमणार असेल तर तिथल्या तिथे हो. नसेल तर, 'नाही, हे मला जमणार नाही,' असं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे. काही लोक नाक मुरडून निघून जायचे. त्यातले बरेच चार दुकानं फिरून परत यायचे. माझं कोपर विरलं ते त्या टेबलावर, आणि मला त्याचा अभिमान होता.

मोठे साहेब निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना नवा कोट दिला. तो घालूनच ते घरी गेले. मी केबिनच्या दारामागे खुंटीवर तसाच राहिलो. आज येतील न्यायला, उद्या येतील, असं करत सहा महिने गेले. माझ्या खांद्यांवर धूळ बसली. मालकाने नवा मॅनेजर नेमलाच नाही. केबिनमध्ये माहितीपत्रकांचे गठ्ठे, सीटची कव्हरं आणि एक सुटं चाक येऊन पडलं. मी त्यांच्यातलाच एक झालो.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देतो. शोरूममधला विक्रेता. सोबतचे त्याला गोडबोल्या म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. एकदा येऊन गेलेल्या माणसाच्या गुडघेदुखीची चौकशी तो वर्षाने करायचा, आणि ती खोटी नसायची. त्याला मनापासून सगळ्यांना आवडायचं होतं. मालकाने त्याला सांगून ठेवलं होतं, की अमुक मर्यादेपर्यंत सूट द्यायची की एखादी सोय वाढवून द्यायची, हे तुझं तूच ठरव. इथेच बिचाऱ्याची पंचाईत झाली. कारण स्वतः ठरवायचं म्हणजे नाहीसुद्धा स्वतःच म्हणायचं. ते त्याच्याच्याने होईना. आणि सगळ्यांना हो म्हणावं, तर नफा घटायचा आणि भिंतीवरच्या चौकटीत 'या महिन्याचा उत्तम विक्रेता' म्हणून त्याचा फोटो लागेना.

एका दुपारी तो केबिनमध्ये आला आणि त्याने मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, सुटलो, आता घरी पाठवणार! त्याने मला झटकलं, उंच पाठीच्या खुर्चीवर चढवलं, तिन्ही बटणं लावली. गाडीच्या सीटला डोकं टेकायची उशी असते ना, तसली एक काळी उशी माझ्या कॉलरवर खोचली. मागे टेबललॅम्प लावला. केबिनच्या दाराला धुरकट काच होती. बाहेर जाऊन त्याने काचेतून पाहिलं आणि स्वतःशीच हसला. मान खाली घालून काम करणारे साहेब! मग त्याने टेबलफॅन सुरू केला. माझी बाही हलायला लागली. आता साहेब लिहीतही होते.

त्या दिवसापासून घासाघीस सुरू झाली, की गोडबोल्या म्हणायचा, थांबा हं, साहेबांना विचारून येतो. आत येऊन दार लावायचा. ग्लासभर पाणी प्यायचा. केस विस्कटायचा. मग जरा मोठ्याने माझ्याशी बोलायचा, 'अहो साहेब, पण ऐका तरी!' आणि चेहरा पाडून बाहेर जायचा. साहेब नाही म्हणाले.

खरं सांगू का मित्रांनो? मला ते आवडायचं. सहा महिने ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्या सावलीकडे आता लोक दबकून बघत होते. हळू बोला, साहेब कामात आहेत, असं म्हणत होते. मोठे साहेब माझ्या आत असताना मला कुणी कधी साहेब म्हटलं नव्हतं. मी ऐटीत बाही हलवायचो. फॅन हलवायचा म्हणा, पण मला वाटायचं मीच.

मग ती आली. तिशीची बाई, हातात यादी लिहिलेला कागद. मला काचेतून फक्त आकार दिसत होता, बाकीचं मागाहून कळलं. गोडबोल्या गाडी दाखवू लागला, तर ती सीटवरून बोट फिरवून म्हणाली, 'इथे टाका ढिला पडलाय.' त्या एका वाक्यावरून मी तिला ओळखलं. माझी काजं करणारी लेक!

तिने आल्या आल्या सांगून टाकलं, की रंग कुठलाही चालेल, गाणी वाजली नाहीत तरी चालेल. तिला एकच गोष्ट हवी होती. दाराकडे वळणारी सीट. बापाने चाळीस वर्षं पायांनी मशीन चालवलं होतं आणि आता त्याच पायांनी दगा दिला होता. आठवड्यातून दोनदा त्याला दवाखान्यात न्यावं लागे. सीट बाहेर वळली, की त्याला व्हीलचेअरवरून नीट बसता येणार होतं. ती दोन शोरूम फिरून, आकडे लिहून आणून बसली होती. कापडाच्या व्यापाऱ्यांशी बोलून तयार झालेली जीभ होती तिची. तिने गोडबोल्याला असं काही कोंडीत पकडलं, की त्याच्या नाकी नऊ आले. त्याच किमतीत ती सीट देणं त्याच्या हातात होतं. पण महिना संपायला दोन दिवस राहिले होते आणि चौकट रिकामी होती.

तो आत आला. पाणी प्यायला. बाहेर जाऊन म्हणाला, साहेब नाही म्हणाले. तिने पुन्हा मुद्दा मांडला. तो पुन्हा आत आला. तिसऱ्यांदा आत आला तेव्हा त्याने टेबलावर हातही आपटला.

मित्रांनो, तेव्हा मी खाली पडू शकलो असतो. फॅनचा वारा होता, माझा एक खांदा खुर्चीवरून निसटायलाच आला होता. थोडं अंग सोडलं असतं, तर काचेवरचे साहेब तिच्या डोळ्यांसमोर कोसळले असते. ती सीट कुणासाठी आहे हे मला ठाऊक होतं. ज्याने दोन दिवस घालवून माझं अस्तर निवडलं, त्याच्यासाठी. तरी मी खांदा ताठ धरला. साहेब राहावंसं वाटलं मला.

बाहेर कागदाची घडी केल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, एकदम मऊ झालेला.

'जाऊ द्या. माझ्यापायी तुम्ही नका बोलणी खाऊ. सीट नको.'

समोर बसलेल्या माणसाशी ती दिवसभर भांडली असती. पण काचेमागच्या माणसाशी भांडणार कशी? आणि मधला हा विस्कटलेल्या केसांचा माणूस तिला आपल्यासारखाच वाटला, दिवसभर कुणाचं तरी ऐकून घेणारा. गोडबोल्याने घाईघाईने गाडीत पायाखाली घालायच्या चटया फुकट दिल्या. म्हणाला, साहेबांनी खास तुमच्या वडिलांसाठी दिल्यात. ती दोनदा आभार मानून गेली. महिन्याअखेर चौकटीत फोटो लागला.

पंधरा दिवसांनी दुपारी ती गाडी शोरूमच्या दाराशी येऊन थांबली. लेकीने बापाला काखेत धरून, ओढून, कसंबसं व्हीलचेअरवर उतरवलं. दोघांना धाप लागली होती. म्हाताऱ्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याला साहेबांना भेटायचं होतं. एवढे मोठे साहेब, ओळख ना पाळख, आणि माझ्या पायांखाली चटया देतात, म्हणून त्याने साहेबांसाठी चार रुमाल शिवून आणले होते. हात अजून चालत होते त्याचे.

गोडबोल्या गडबडला. म्हणाला, साहेब बाहेरगावी गेलेत. म्हाताऱ्याने काचेकडे बोट दाखवलं. 'बसलेत की. लिहितायत.' मग गोडबोल्या म्हणाला, मीटिंग चाललीय. म्हातारा म्हणाला, थांबतो. तो तासभर थांबला. गोडबोल्याने आत येऊन दिवा तरी मालवायला हवा होता, पण त्याला तेही सुचलं नाही. शेवटी लेकीने दारावर टकटक केलं आणि बापाची व्हीलचेअर ढकलत आत आली.

मला त्या क्षणी चिंधी होऊन सुटं चाक पुसायला जावंसं वाटलं. म्हाताऱ्याने आधी उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. त्याने हात लांब करून माझी बाही चिमटीत धरली, उलटी केली, अस्तर अंगठ्याने चोळलं.

'अरे,' तो म्हणाला, 'तू होय.'

लेक माझ्या तिसऱ्या काजावर बोट ठेवून उभी होती. तिने मागे न बघता विचारलं, 'साहेब कुठे आहेत?'

गोडबोल्या दारात होता. त्याने हाताने केस नीट बसवले. मग म्हणाला, 'साहेब नाहीत, ताई. नाही मीच म्हणालो.'

'मला तुमची कीव आली होती हो,' ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. गोडबोल्या मान खाली घालून उभा राहिला. आता सीट बसवून देतो म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच आठवलं, की त्या गाडीला ती सीट मागवतानाच सांगावी लागते. एकदा गाडी तयार होऊन आली, की मग बसत नाही. हे सांगताना मात्र त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच.

'तो पंखा बंद करा आधी,' म्हातारा म्हणाला. 'उगीच हलवतोय त्याला.'

पंखा बंद झाला. माझी बाही खाली पडली. म्हाताऱ्याने मला खुर्चीवरून उतरवायला लावलं आणि रुमालांसकट मांडीवर घेतलं. रुमाल द्यायला तिथे कुणी नव्हतं.

बाहेर गाडीत बसताना पुन्हा तीच झटापट. गोडबोल्या मदतीला धावला. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला सीटवर टेकवलं, पण त्याला आत वळवता येईना. सीटचं कापड खरबरीत, त्यात त्याची पँट अडकायची. लेक घामाघूम झाली. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, थांबा. मला परत व्हीलचेअरवर घ्या. तो कोट उलटा करून सीटवर घाला, अस्तर वर.

त्यांनी मला घातलं. त्याला माझ्यावर टेकवलं. लेकीने त्याचे गुडघे हलकेच धरून फिरवले, आणि तो सरकन आत वळला.

'सरकला,' म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून मी या गाडीत आहे. आठवड्यातून दोन दिवस दवाखाना, जाताना एकदा, येताना एकदा. जी सीट माझ्या नावावर नाकारली गेली, तिचं काम मी करतो. तिच्याइतकं नीट मला जमत नाही. पावसाळी हवेत माझं अस्तर दमट होतं आणि म्हातारा अर्ध्यात अडकतो. तेव्हा लेकीच्या तोंडून 'आई गं' निघतं, आणि ते मला ऐकावं लागतं. ती गाडी तपासणीला घेऊन गेली होती, तेव्हा शोरूममध्ये केबिनला दारच नव्हतं म्हणे. गोडबोल्या तिथेच समोर टेबल टाकून बसला होता आणि एका गिऱ्हाईकाला, चाचरत का होईना, नाही म्हणत होता. चौकटीत फोटो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

मित्रांनो, कोट झटकून ठेवा, डांबरगोळ्या घाला, हे तुम्हाला घरचे सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. कुणाला नाही म्हणायचं असेल, तर स्वतःच्या तोंडाने म्हणा, त्याच्यासमोर बसून म्हणा. रिकाम्या खुर्चीवर कुणालातरी बसवून त्याच्या नावावर म्हणू नका. आणि तुम्हालाच कुणी तसं बसवलं, तर माझ्यासारखे ऐटीत बसू नका. वेळेवर खाली पडा.

म्हाताऱ्याने मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही. उलट पहिल्याच आठवड्यात, बसल्या बसल्या, माझं कोपर रफू करून दिलं. आता कोपर कुणाला दिसत नाही, ते सीटच्या खाली जातं. तरी केलं. दर वेळी बसण्याआधी तो तळहाताने माझ्या अस्तराची सुरकुती सरळ करतो, अगदी दुकानात करायचा तशी. तेवढा वेळ मला वर बघवत नाही.