टेपचं दुसरं टोक

शेजारच्या भिंतीला ताजा पांढरा रंग होता. दादाने नवे बूट घातले होते. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती.

हे सगळं एकाच सकाळचं. दादाचा प्लॉट मी विकत घेणार होते, पण आधी मोजू या, म्हणाले होते. एवढ्यावरून भाऊ दुरावतो की काय, अशी मला धास्ती होती.

"सख्ख्या भावाला टेप लावतेस?"

"तुला नाही रे, जमिनीला."

"लाव बाई. दुसरं टोक मीच धरतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल."

कागदावर रुंदी चाळीस फूट होती. भिंतीपर्यंत छत्तीसच भरली. दादाने टेप झटकली, ताणली, पुन्हा मोजलं. छत्तीसच.

भिंतीपलीकडून त्याच्या जिवलग मित्राने हाक मारली, "काय रे, चहा टाकू का?"

दादा भिंतीकडे बघत राहिला.

वहिनी पुढे आली. "ताई, ती टेप द्या इकडे," ती मला म्हणाली. "आता मी मोजते."

दादाने हा प्लॉट त्याच मित्राकडून घेतला होता, आणि त्याला वाईट वाटेल म्हणून मोजला नव्हता.