पाच मिनिटं वीस सेकंद

सरांनी पाचरची वही टेबलावर अशी आपटली की कडेची रिकामी परीक्षानळी घरंगळत माझ्या हातापर्यंत आली.

"उभी राहा. काय दिवे लावलेत ते सगळ्यांना वाचून दाखव."

पाचर म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तान्ही असताना आईबापाच्या मधे अशी रुतून झोपायची की दोघांना कूस बदलता येत नसे, तेव्हापासूनचं हे नाव. आता नववीत आहे आणि अजूनही कुठे घुसली की निघत नाही. मी त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. त्यामुळे घरी मी तिची काकू आणि शाळेत, सगळ्यांची असते तशी, तिचीही मावशी.

तिने वाचलं. "ॲल्युमिनियमची टाचणी पडली दोन मिनिटं पाच सेकंदांनी. पितळेची तीन मिनिटं चाळीस. लोखंडाची पाच मिनिटं दहा. तांब्याची पाच मिनिटं वीस. निष्कर्ष : एकतर पुस्तक चुकतंय, नाहीतर ही सळई तांब्याची नाही."

वर्ग खिदळला. सर नाही.

प्रयोग अगदी साधा आहे. मधे पितळेची जाड चकती आणि तिला चार दिशांना चार धातूंच्या सळया. प्रत्येक सळईच्या टोकाला मेणाच्या थेंबाने एक टाचणी चिकटवायची, चकतीखाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा आणि गप्प बसून बघायचं. उष्णता सळईतून सरकत सरकत टोकाला पोचते, मेण वितळतं, टाचणी पडते. जो धातू उष्णता लवकर पोचवतो त्याची टाचणी आधी. तांब्याची पहिली पडायला हवी, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय.

"अडतीस वह्यांमध्ये तांबं एक मिनिट तीस सेकंद," सर म्हणाले. "अडतीस मुलं आंधळी आणि तू एकटी डोळस?"

"त्यांनी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलंय, सर."

हे खरं होतं. मागच्या वर्षीच्यांनी त्याच्या मागच्या वर्षीच्यांकडून उतरवलं होतं. पण खरं बोलायलाही एक आवाज असतो, तो पाचरकडे नाही. तिचं खरं समोरच्याच्या थोबाडीत मारल्यासारखं ऐकू येतं.

सरांना मुलं लंबक म्हणतात. प्रात्यक्षिकाचा पूर्ण तास ते हात मागे बांधून खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत झुलत असतात आणि पुस्तकातलं पाठ म्हणतात. टेबलाशी थांबलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आत्ता थांबले.

"उद्या पहिल्या तासाला लिहून आण. 'मी प्रयोगाकडे लक्ष दिलं नाही आणि मनाने आकडे लिहिले.' खाली आईची सही. सगळ्यांसमोर वाचायचं. नाही आणलंस तर प्रात्यक्षिकात शून्य. शून्यवाल्यांना दहावीनंतर विज्ञानाचं दार बंद असतं, हे माहीत आहे ना?"

"पण मी लक्ष दिलं होतं."

"मावशी," सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नळ वाहतोय."

मी नळ बंद केला. त्या सळईचं खरं काय ते जगात मला एकटीलाच ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी ती सळई खरंच तांब्याची होती. मी शाळा अर्धवट सोडलेली. जे काही शिकले ते या प्रयोगशाळेत, काचा धुता धुता. पोरं गेल्यावर उरलेला प्रयोग मी एकटीच पुरा करायची. एकदा तांब्याची सळई चकतीतून फिरवून काढली आणि पिशवीत घालून घरी नेली. कढईचा दांडा पोळतो आणि लाकडी मूठ का नाही, हे मला माझ्या चुलीवर, माझ्या वेळेत बघायचं होतं. वहीत नोंद केली नाही. एका रात्रीची तर गोष्ट.

आमचं घर एक, चुली दोन आणि मागच्या अंगणातला नळ एक. माझ्या धाकट्या जावेला, म्हणजे पाचरच्या आईला, आवराआवरीचा झटका येतो. दुसऱ्या दिवशी तिने नळापाशी पडलेली मोडकी बादली, गंजलेली कडी आणि माझी सळई एकत्र बांधून भंगारवाल्याला देऊन टाकली. मी तिला वाटेल ते बोलले. ती म्हणाली, "शाळेची वस्तू घरी आणायला सांगितलं कोणी? चोर ते चोर." त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. गतीचा नियम मी इथेच शिकले. चालू अबोला चालूच राहतो, बाहेरून कोणी ढकलेपर्यंत.

शाळेला सांगायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे तांबं नव्हतं. त्याने त्याच मापाची, त्याच आट्यांची लोखंडी सळई करून दिली. मी ती घासून लख्ख केली आणि प्रयोगशाळेतल्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवली. लोखंडावर तांब्याचा पातळ थर धरतो, हे रसायनाच्या तासाला मी शंभरदा पाहिलं होतं. लालसर, देखणी सळई बाहेर आली. तेव्हापासून दरवर्षी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी तिला नव्याने आंघोळ घालते.

पहिल्या वर्षी जीव मुठीत धरून होते. टाचणी शेवटी पडली. सगळ्यांनी पहिली पडली असं लिहिलं. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षापासून मी घाबरणं सोडलं. कोणीच बघत नाही म्हटल्यावर लोखंडानेही तांबं व्हायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी अंगणात जाऊ कपडे पिळत होती. तिला मला काही सांगायचं असलं की ती बादलीला सांगते.

"बादलीबाई, ऐकलंस का? शाळेत घरचं माणूस असून पोरीची ही गत. तोंडातून एक शब्द निघाला नाही म्हणे."

मी माझा तांब्या भरत होते. मीही बादलीला म्हटलं, "पोरीला तोंड आवरायला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती."

"शिकवलं असतं," जाऊ बादलीला म्हणाली, "पण घरात उदाहरण कोणाचं द्यायचं?"

पाचर पायरीवर गुडघ्यावर कागद घेऊन बसली होती. कोरा. तिची आई माझ्याकडे पाठ करून तिला म्हणाली, "दोन ओळींनी हात झडत नाहीत. लिहून दे आणि मोकळी हो."

"मी बघितलं ते खोटं कसं म्हणू?"

"सगळं जग म्हणतं तसं म्हण."

मग पोरीने मान वर केली आणि सरळ मला विचारलं, "काकू, ती सळई तांब्याची आहे ना? तू रोज हाताळतेस. तू सांगशील ते खरं."

तिला हो हवं होतं की नाही, मला कळलं नाही. मला एवढंच दिसलं, की नाही म्हटलं तर उद्या मोठ्या बाईंच्या खोलीत मी उभी असेन, आणि त्याच्याही आधी, आत्ता इथे, जाऊ पिळलेला कपडा हातात धरून हसेल.

"आहे," मी म्हटलं. "तांब्याचीच आहे."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी सोसला असता. पण ती हळूच म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल. मला वाटलं मी नीट बघितलं." आणि लिहायला लागली. एकेक अक्षर कोरून, मन लावून लिहीत होती. मधे एकदा तिने हात डोळ्यांपुढे धरून बोटं बघितली, चष्मा लागला की काय ते तपासल्यासारखी.

ते बोटं बघणं रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी जाऊ तिच्याबरोबर शाळेत आली, सही आपलीच आहे हे सांगायला. ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली, माझ्यापासून चार हात दूर, पदर खोचून. सर म्हणाले, "वाच. मोठ्याने."

पाचर पुढे आली. "मी प्रयोगाकडे लक्ष..."

मी कपाट उघडलं. बल आणि चुंबकत्वाच्या कप्प्यातून नालचुंबक काढला. कपाटाचा आवाज झाला म्हणून सर वळले.

"मावशी, आत्ता काय काढताय?"

"एक मिनिट, सर."

"तुम्हाला आता मिनिटं द्यायची का मी? जागेवर जा."

मी सळयांचं ते उपकरण सगळ्यांना दिसेल असं मधल्या टेबलावर ठेवलं. चुंबक पितळेच्या सळईला लावला, काही नाही. ॲल्युमिनियमला लावला, काही नाही. मग तांब्याच्या सळईजवळ नेला. तो माझ्या हातातून ओढून घेतल्यासारखा गेला आणि टक करून चिकटला. मी चुंबक वर उचलला तर चकतीसकट अख्खं उपकरण खाली लोंबकळत वर आलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तांब्याला चुंबक चिकटत नाही." ते बरोबर होतं. एवढं तरी त्यांनी उतरवलेलं नव्हतं.

"लोखंड आहे," मी म्हटलं. "वरून मोरचुदातल्या तांब्याचा मुलामा. मी दिलाय. सहा वर्षांपूर्वी खरी सळई मी नोंद न करता घरी नेली, ती हरवली. हिने जे लिहिलंय ते सेकंदासकट बरोबर आहे."

सरांचा चेहरा त्या सळईच्याच रंगाचा झाला. "सहा वर्षं तुम्ही मला फसवलंत?"

"सहा वर्षं तुम्ही टेबलापाशी आला नाहीत."

"बाटल्या धुणाऱ्या बाईने मला शिकवायचं?"

"शिकवत नाही, सर. दाखवतेय."

"मोठ्या बाईंपुढे दाखवा आता." त्यांनी पाचरच्या हातातला कागद ओढून घेतला, फाडला आणि तुकडे खिशात घातले, केरात नाही. "वही आण. पुस्तकाप्रमाणे उत्तर चूकच आहे, पण ठीक आहे. दहापैकी सात. तीन गुण अक्षरासाठी कापले."

पाचरने वही पुढे केली नाही. तिने पेन घेतलं, 'तांबे' हा शब्द एका रेघेने खोडला आणि वर लिहिलं, 'लोखंड, मुलामा दिलेलं.' आकड्यांना हात लावला नाही. मग वही सरांपुढे ठेवली आणि सही होईपर्यंत तिथेच उभी राहिली. सर पुढच्या मुलाकडे वळले तरी हलली नाही. शेवटी त्यांनी सही केली.

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. सरांकडे पाहिलं होतं त्याहून वाईट.

"काल विचारलं होतं," ती म्हणाली. बास, तेवढंच.

दाराशी जाऊ माझी वाट अडवून उभी होती. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने बादलीला न सांगता मला सांगितलं. "हरवली म्हणालात. मी भंगारात दिली हे का नाही म्हणालात?"

"तुझं नाव घेऊन माझी चोरी कमी होणार होती का?"

"उपकार नकोत मला तुमचे. माझ्या पोरीला काल स्वतःच्या डोळ्यांची शंका आली. ते मी विसरायची नाही."

"नको विसरूस," मी म्हटलं. ती गेली.

मोठ्या बाईंनी मला प्रयोगशाळेतून काढून कार्यालयात बसवलं. आता मी टपालावर शिक्के मारते. प्रयोगशाळेच्या किल्ल्या सरांच्या खिशात असतात. मुलं सांगतात, लंबक आता टेबलांपाशी थांबतो, पण बघतो कमी आणि वाकून हुंगतो जास्त.

पाचर माझ्याशी बोलत नाही. आज आठवा दिवस. संध्याकाळी मी नळावर होते तेव्हा ती आली, बादली नळाखाली सरकवली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"बादलीबाई," ती म्हणाली, अगदी आईच्या सुरात, "मोरचुदाच्या पाण्यात लोखंड किती वेळ ठेवायचं असतं, कोणाला माहीत असेल तर विचारून ठेव."

बादली अर्धी भरली होती. मी तिलाच उत्तर दिलं.

"पातळ थर हवा तर वीस-तीस सेकंद. जास्त ठेवलं की पापुद्रे सुटतात. आणि आधी घासायला हवं, नाहीतर धरत नाही."

तिने खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. बादली काठोकाठ भरली, वाहायला लागली, तरी तिने नळ बंद केला नाही.

"मी स्वतः बघणार आहे," ती बादलीला म्हणाली. "सांगितलेलं धरणार नाही."