जस्ताचा गरुड

मी एक बिल्ला बोलतोय, आणि आधीच सांगतो, मी खरा आहे. एवढं छातीठोकपणे म्हणायला मला नऊ वर्षं थांबावं लागलं, म्हणून आज जरा भराभर बोलणार. सांभाळून घ्या.

माझा जन्म जर्मनीतला, चव्वेचाळीस सालचा. पानांचं अंडाकृती कडं, त्यावर पंख पसरलेला गरुड, गरुडाच्या पंजात तिरपं स्वस्तिक. विमान चालवणाऱ्यानं छातीवर लावायचा असा मी. माझे थोरले भाऊ चांगल्या धातूंचे, चकचकीत. माझी पाळी येईपर्यंत लढाईनं तो सगळा माल गिळला होता. मग मला जस्तातून घडवलं, वर चांदीचं पाणी दिलं आणि गरुड कड्यावर दोन रिबिटांनी ठोकला. ज्या खुणेखाली मी जन्मलो, तिच्या पायी किती घरांची राखरांगोळी झाली, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच हिवाळ्यात माझा मालक इटलीतल्या एका द्राक्षमळ्यात विमानासकट कोसळला. पेटत्या विमानातून त्याला ओढून काढलं ते शत्रूच्या, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतल्या एका शिपायानं. तो आपल्या जुन्नरकडच्या आणे गावचा कुशाबा. दोघांना एकमेकांच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. जर्मनानं मला कोटावरून उपटलं आणि कुशाबाच्या तळहातावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी कुशाबा तोफेच्या गोळ्यानं गेला. त्याचा जोडीदार, निमगाव सावाचा सावळाराम, मला घेऊन परतला आणि कुशाबाच्या आईच्या, ठकूबाईच्या हातात त्यानं मला दिलं. विमानाची हकीगत सांगितली. सरकारी कागदावर मरणाची तारीख तेवढी होती. बाकी कुशाबा माझ्यात होता.

ठकूबाईनं स्वस्तिक पाहिलं आणि मला देव्हाऱ्यात बसवलं. रोज हळदकुंकू! दिवाळीला पितळेच्या देवांबरोबर मलाही चिंच लावून घासलं. देव लखलखले. मी फसफसलो आणि काळा पडलो. "ह्यो एक काय उजळंना," म्हणून तिनं मला आणखी घासलं. जस्ताला आंबट सोसत नाही, हे तिला कोण सांगणार?

त्रेपन्न साली गावच्या शाळेत लढाईवर गेलेल्यांच्या वस्तू मांडायचं ठरलं. ते बघायला पुण्याहून बिल्ल्यांचा नाद असलेले एक पाहुणे आले. त्यांनी खिशातून माझा एक थोरला भाऊ काढला. काय त्याचा तोरा! मग मला तळहातावर तोलून ते म्हणाले, हे तर जस्त, कुणीतरी बाजारात विकायला ओतलेली नक्कल. आईच्या समाधानासाठी लोक असं काही आणून देतात, त्यात वाईट हेतू नसतो.

पारावरचा गेणभाऊ टपलेलाच होता. "सावळाराम, बिल्ला तर दावलास. आता इमान बी दाव की राव."

लोक हसले. सावळारामानं मान खाली घातली. ठकूबाई त्याच्याकडं बघत राहिली. बिल्ला खोटा, तर विमान खोटं, आणि मग तिचा लेक कुणाला वाचवून गेला हेही खोटं! मी आतल्या आत नुसता तडफडत होतो.

पुढच्या बाजाराला तिनं सावळारामाला एसटीत घातलं आणि जुन्नरला दस्तगीर कलईवाल्याकडं नेलं. धातूचं पोट त्यालाच कळतं, असं तिचं म्हणणं. वाटेत ती एवढंच बोलली, "खोटं असलं तरी मी तुला बोल लावायची न्हाई. पर मला कळाया पायजे."

दस्तगीरनं भाता थांबवला, माझी कड जराशी खरवडली आणि तो म्हणाला, "मावशी, जस्तच हाये."

सावळाराम उठायला लागला. माझा तर जीवच गेला. पण दस्तगीरनं मला खाली ठेवलं नाही. सुईनं गरुडाच्या मागचं कुंकू कोरून काढलं. तिथं चांदीच्या पाण्याची बारीक रेघ चमकली. मग तो रिबिटांवरून कितीतरी वेळ नख फिरवत राहिला.

"बस की, सावळारामभाऊ. लढाईत मला कलईला कथील मिळत नव्हतं. शिसं मिसळून दिवस काढलं, लई शिव्या खाल्ल्या. माझ्या दुकानात ही गत, तर हरणाऱ्याच्या घरात तांबं कुठनं येणार? आन् खोटं करनारा जस्त कशाला घेतोय? पितळ घेईल, चमकवील, गिऱ्हाईक गाठील. ओतलेला असता तर गरुड कड्याला धरूनच आला असता. दोन दोन रिबिटा मारायची हमाली कोन करतं? ह्यो शेवटाशेवटाचा हाये, मावशी. म्हनून गरीब हाये. पर अस्सल हाये."

त्या क्षणी मला पंख हलवता आले असते तर मी शिवनेरीला वळसा घालून आलो असतो!

ठकूबाई रडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली. "म्हंजी त्या मानसाला माझ्या लेकानं वढून काढलं."

"व्हय, आये."

"इतकी वर्सं तू हितवर सांगून थांबतोस. मला वाटायचं, समदं रचल्यालं, म्हनून म्होरं काय न्हाई. म्या बी इचारलं न्हाई. आता सांग. त्यो गेला कसा?"

सावळाराम भट्टीकडं वळला. मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी ओढ्यावरून पाणी आणायची पाळी सावळारामाची होती. त्याला ताप होता, म्हणून डबे उचलून कुशाबा गेला, आणि गोळा नेमका ओढ्यावर पडला.

दस्तगीरनं मान फिरवली. ठकूबाईनं सावळारामाच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

"एवढं वझं एकल्यानं वागवलंस व्हय रं," ती म्हणाली. "ऊठ. एसटी जाईल."

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात असतो. पुढं सावळारामानं स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे, विमानापासून ओढ्यापर्यंत सगळी. कधी आण्याला आलात तर या. माझ्या गरुडाची थोरवी गाऊ नका, तो त्या लायकीचा नाही. चिठ्ठीतलं कुशाबाचं नाव मात्र मोठ्यानं वाचा. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसलेली असते, तिला ऐकू जाईल असं.