फटफटीचा पट्टा

निपाणीत पहिली नवीकोरी फटफटी आणली ती बाबगोंडानं, हे त्या काळच्या कुणालाही विचारा. त्या साली तंबाखूला भाव बरा लागला होता. गड्यानं मुंबईहून रेल्वेनं गाडी मागवली, बेळगावच्या स्टेशनात उतरवून घेतली आणि स्वतः चालवत घरी आणली. संकेश्वरात तर माणसं हातातली कपबशी घेऊन रस्त्यावर आली होती बघायला. काळीभोर टाकी, तिच्यावर सोनेरी रेघ, आणि पायानं एक लाथ घातली की सुरू. आता एवढं झाल्यावर माणसानं खुशीत असावं की नाही? पण बाबगोंडाच्या पोटात दुखत होतं, आणि त्या पोटदुखीचं नाव होतं आप्पाण्णा.

आप्पाण्णा म्हणजे त्याचा आतेभाऊ. मागच्याच गल्लीत राहायचा. त्याच्याकडंही एक फटफटी होती, पण ती कसली? पहिल्या महायुद्धाच्या आधीची! बेळगावच्या कँपातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना टाकून गेलेली. तिला साखळी नव्हती. इंजिनाचं चाक आणि मागचं चाक यांना जोडणारा एक लांबलचक पट्टा, तो फिरला तर गाडी फिरायची. चढ आला की पट्टा सटकायचा, ऊन तापलं की इंजिन रुसायचं. गाव तिला आप्पाण्णाची म्हैस म्हणायचं. हसायचं आणि ती निघाली की बघायला दारातही यायचं.

गाव आलं तर येऊ दे हो. बाबगोंडाला त्याचं काही नव्हतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच. त्याचे स्वतःचे जन्मदाते वडील, नेमगोंडा तात्या, त्या म्हशीवर बसायचे आणि पोराच्या नव्या गाडीला आजवर शिवले नव्हते.

तात्यांची दर अवसेची स्तवनिधीची वारी चुकायची नाही. तवंदीच्या घाटातल्या त्या जैन देवाला जायचं, नारळ ठेवायचा, आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं. पूर्वी बैलगाडीनं जायचे. आप्पाण्णानं म्हैस घेतल्यापासून त्याच्या मागं. तिचा मूळ पट्टा कातड्याचा होता. तात्या म्हणाले, "कातडं घिऊन मी देवाच्या डोंगराला येणार न्हाय." झालं! आप्पाण्णा उठला, वडगावला गेला, आणि भरमू विणकराकडून जाड सुताचा पट्टा विणून घेऊन आला. टोकांना लोखंडी आकडा. तेव्हापासून दर चतुर्दशीला तात्या स्वतः मांडी घालून त्या पट्ट्याला एरंडेल चोळायचे. सख्ख्या पोराच्या डोक्याला त्यांनी कधी एवढं तेल घातलं नसेल, असं बाबगोंडाला वाटायचं.

आणि अवसेची सकाळ म्हणजे तर तमाशा. आप्पाण्णा हँडल धरून बसायचा आणि ओरडायचा, "मामा, ढकला!" साठी उलटलेले तात्या धोतर वर खोचून मागनं जोर लावायचे. म्हैस फुरफुरायची, खोकायची, गप व्हायची.

"आरं ठिणगी बघ की, गाढवा!"

"बघितली, मामा. तुमीच जोर लावंना झालायसा."

"मी? भाकरी खातोय मी, तुझ्यागत वारा न्हाय खात! हँडल सरळ धर, गाढवा!"

मग एकदम फट फट फट! तात्या पळत जायचे आणि मागच्या कॅरियरवरच्या घोंगड्यावर टांग टाकून बसायचे. दोघंही धुरात हसत हसत दिसेनासे व्हायचे. घाटात पुन्हा उतरायचं, पुन्हा ढकलायचं, पुन्हा एकमेकांच्या नावानं शंख. घरी आले की तात्यांचे हात काळे, धोतर काळं आणि तोंडभर हसू. त्या दिवशी दोन भाकरी जास्त जायच्या.

बाबगोंडा सोप्यात उभा राहून हे ऐकायचा आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. त्याला त्या शिव्यांचाही हेवा वाटायचा. हसू नका, खरं सांगतोय. तात्या त्याच्याशी कसे बोलायचे? "बाबगोंडा, जेवलास काय? बाबगोंडा, वखारीतनं आलास?" संपलं. सावकारानं दिवाणजीशी बोलावं तसं. गाढव म्हणून घ्यायचं भाग्य त्या आप्पाण्णाचं!

आधी त्याला वाटलं, सीटच्या कातड्यामुळं तात्या बसत नसतील. त्यानं नव्या सीटचं कातडं सोलून काढलं आणि शिंप्याकडून खाकी कापडाची गादी शिवून घेतली. तात्यांनी ती बघितली, "बरी शिवलीया," म्हणाले आणि आप्पाण्णाच्या गल्लीला गेले. मग त्यानं अवसेला मुद्दाम गाडी पुसून दारात लावली, इंजिन सुरू करून ठेवलं. कोंबड्या पळाल्या, तात्या आले नाहीत.

त्याची बायको राजमती एकदा पदर तोंडाला लावून म्हणाली, "एवढं जळालायसा तर तुमच्यावरच भाकरी भाजती की. लाकडं तरी वाचतील."

"तुला काय कळतंय गं?" तो खेकसला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अखेर एका चतुर्दशीला त्याची मती फिरली. दिवस कलताना तो आप्पाण्णाच्या गोठ्यात गेला. तेल मुरायला पट्टा खुंटीवर टांगलेला होता. आसपास कुणी नव्हतं. त्यानं पट्टा काढून कोटाखाली घातला. उद्या एक दिवस फक्त. तात्यांना एकदा आपल्या मागं बसवायचं, घाट एका दमात चढून दाखवायचा, आणि सांजच्याला पट्टा परत खुंटीला. घरात ठेवावा तर राजमतीची नजर, वखारीत ठेवावा तर गड्यांची. म्हणून या शहाण्यानं रात्रीपुरता तो कडब्यात खुपसला, सकाळी कमरेभोवती गुंडाळला, आकडा अडकवला आणि वर लांब कोट चढवला.

आप्पाण्णानं गोठा उलथापालथा केला. "उंदरानं नेला म्हणावं तर एवढा लांब पट्टा! मामा, आज काय आपलं खरं न्हाय."

तात्यांचं तोंड उतरलं. ते बैल जुंपायला सांगणार, तोवर बाबगोंडा गाडी घेऊन पुढं आला. कुणाकडंही न बघता म्हणाला, "माझी हाय उभी."

तात्या गुमान मागं बसले.

काय सांगू! गाडी निघाली आणि बाबगोंडाची छाती फुगली. ना ढकलणं, ना धूर. पेठेतल्या माणसांनी बघावं म्हणून त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. तात्या मागं गादीची कड धरून बसले होते. घाटाचा चढ लागला तसा त्यानं वेग वाढवला. गाडी उसळली, आणि तात्यांनी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी घातली.

लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हा तात्यांनी असं धरलं होतं, त्यानंतर आजच. बाबगोंडाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग मागचे हात थांबले. बोटं कोटावरून चाचपत गेली, लोखंडी आकड्यापाशी आली आणि सुटली.

"थांबीव," तात्या म्हणाले.

त्यानं गाडी थांबवली. तात्या उतरून समोर आले. "कमरंला काय हाय?"

"काय न्हाय, तात्या."

"दर चवदसला मी त्याला तेल लावतोय. मला वास कळत न्हाय व्हय?"

भर रस्त्यात बाबगोंडानं कोट काढला आणि गोल गोल फिरत कमरेचा पट्टा सोडला. देवाला चाललेल्या बैलगाडीतली कुणी बाई म्हणाली, "अगं बया, ह्यो भवरा कुणाचा गं?" आणि गाडीभर बायका खिदळल्या.

"का रं?" तात्यांनी एवढंच विचारलं.

मग मात्र बाबगोंडाचा बांध फुटला. "तुमी माझ्या मागं कवा बसलाच न्हाईसा! कातडं सोलून काढलं तरी न्हाय! त्याच्या मागनं पळतासा, हसतासा, त्याला गाढव म्हणतासा. मी काय परका हाय? मला कधी गाढव म्हणालासा?"

तात्यांनी पट्टा हातात गोळा केला. "आणि तू मला कवा म्हणालास, तात्या चला म्हणून?"

बाबगोंडानं मनात हिशेब मांडला. गाडी आणली, पुसली, दारात गुरगुरवली, कातडं सोललं. पण चला? तेवढं राहिलंच होतं.

"आणि बसून तरी काय करू?" तात्या म्हणाले. "तुझी गाडी लाथंनं सुरू हुतीया. पोत्यागत बसायचं नि पोत्यागत उतरायचं. वखार तू बघतोस, शेत गडी बघत्यात, सूनबाई ताट वाढून पुढ्यात ठेवतीया. मला कोण काय कर म्हणून सांगत न्हाय आता. त्यो एकटा म्हणतोय, मामा ढकला. मी न्हाय ढकललं तर त्याची गाडी हलत न्हाय."

त्यांनी पट्टा उपरण्यासारखा गळ्यात टाकला आणि निपाणीच्या दिशेनं चालायला लागले. "आप्पाण्णा वाट बघत बसला आसंल. देव कुटं पळत न्हाय."

बाबगोंडा त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. पाठ लांब चालली होती. "बसा, सोडतो," असं ओठावर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"तात्या!" तो ओरडला. "गाडी सुरू हुईना!"

तात्या वळले. त्यानं अजून लाथ घातलीच नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं.

"नवी न्हवं?"

"नवीच हाय. पण हुईना." त्यानं कोट हँडलवर टाकला. "ढकला की जरा."

तात्या सावकाश परत आले. आधी गाडीकडं, मग पोराकडं बघितलं. धोतर वर खोचलं, मागं गेले आणि खाकी गादीला हात लावला. बाबगोंडानं गाडी निपाणीकडं वळवली आणि हँडल धरून चालायला लागला. समोरनं येणारा एक ओळखीचा व्यापारी हसला, "काय बाबगोंडाण्णा, नवी गाडी नि ढकलायची पाळी?" एरवी तो शरमेनं मेला असता. आज त्याला ते धड ऐकूही आलं नाही. बोलणाऱ्याकडं वळून बघताना मात्र चाक रस्त्याच्या कडेला गेलं.

"हँडल सरळ धर की रं, गाढवा!" तात्या मागनं ओरडले.

बाबगोंडानं हँडल सरळ केलं. चार पावलं गेल्यावर त्यानं ते पुन्हा जरासं वाकडं केलं.