घरचीच सही

पलकला वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. जळगावच्या कोर्टात ती हितेंद्र पाटील या जुन्या वकिलांच्या हाताखाली काम शिकत होती, आणि नुकतंच एका बँकेनं तिचं नाव आपल्या वकिलांच्या यादीत घेतलं होतं. त्याच आठवड्यात जेवताना तिचे आजोबा रिखबचंद, घरातले दादाजी, म्हणाले, "मागच्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकतोय. कागद तपासून रिपोर्ट तूच दे. पहिलं काम घरचं असू दे."

पलकला भरून आलं. घरात तिच्या वकिलीला आजवर कुणी काम म्हटलं नव्हतं.

फ्लॅट घेणाऱ्या लिलाबाई अमळनेरकडच्या. सावद्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. मुलगा सुयश जळगावात शिक्षक होता, त्याच्या जवळ राहायचं म्हणून त्या घर शोधत होत्या. निम्मे पैसे त्यांच्या फंडातले, निम्मं बँकेचं कर्ज. आणि कर्जासाठी बँकेनं कागद पाठवले ते पलककडेच. विकणारे आपले आजोबा आहेत, हे बँकेला कळवायला हवं होतं. तिनं कळवलं नाही.

बिल्डिंगची जमीन रिखबचंदांची नव्हती. धुळ्याच्या एका ट्रस्टकडून त्यांनी ती नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली होती आणि वर चार फ्लॅट बांधले होते. लिलाबाईंनी हे बरोबर हेरलं.

"घर माझं आणि जमीन दुसऱ्याची, मग उद्या त्यानं ऊठ म्हटलं तर?"

"पट्ट्याला अजून पन्नासवर वर्षं आहेत," पलकनं समजावलं. "अटी पाळल्या तर तोवर कुणी उठवू शकत नाही. फक्त विकताना ट्रस्टची लेखी परवानगी लागते. ती आहे."

"बठ्ठं बराबर शे ना, बाई? तू सांगशील तर मी सही करीन."

"बरोबर आहे."

परवानगीचं पत्र दादाजींनीच आणून दिलं होतं. खरं होतं, शिक्का होता, पण तारीख तीन वर्षांपूर्वीची. पलकनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तेव्हाच विकणार होतो, राहून गेलं." ती म्हणाली, एकदा धुळ्याला जाऊन विचारून येते. "उन्हात कशाला जातेस? मी परवाच जाऊन आलो. काही अडचण नाही म्हणाले." पलकनं रिपोर्टवर सही केली, शिक्का मारला. महिन्याभरात खरेदी झाली.

दोन महिन्यांनी सुयश कोर्टात तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. ट्रस्टच्या दप्तरी आईचं नाव लावायला त्यानं अर्ज केला होता. त्याचं उत्तर त्यानं टेबलावर ठेवलं. पार्किंगच्या जागेत गोदाम बांधून अट मोडल्यामुळे पट्टा रद्द केला आहे, सबब नाव लावता येत नाही, जागा खाली करून द्यावी.

"काहीतरी घोटाळा झालाय," पलक म्हणाली.

"मॅडम, रिपोर्टवर सही तुमची आहे," सुयश म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेली. ट्रस्टच्या ऑफिसातल्या कारकुनानं फाईल काढायला पाच मिनिटंही लावली नाहीत. गोदाम पाडा, म्हणून वर्षभरापूर्वीची पहिली नोटीस. मग जुनी परवानगी मागे घेतल्याचं आणि पट्टा रद्द केल्याचं पत्र, खरेदीच्या पाच महिने आधीचं. दोन्हींच्या पोचपावत्यांवर दादाजींची सही. लहानपणी तिच्या प्रगतीपुस्तकावर असायची तीच, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढलेली.

"त्यानंतर ते इथे आले होते का?" तिनं विचारलं.

"कोण, शेठ? छे. वर्षभरात फिरकले नाहीत."

जळगावला उतरल्यावर घरी न जाता ती हितेंद्र सरांकडे गेली. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्याकडे आले होते ते," सर म्हणाले. "मी ट्रस्टचं ताजं पत्र मागितलं. नंतर आलेच नाहीत. आणखी एका वकिलाकडेही गेले होते, तोही तेच म्हणाला."

"सर, मला का नाही सांगितलंत?"

"अशिलाचं बोलणं बाहेर काढता येत नाही, पलक. आणि तुझ्याकडे येतील असं मला वाटलंच नाही."

ती घरी पोचली तेव्हा दादाजी दुकानातून येऊन नुकतेच बसले होते. पलकनं पोचपावत्यांच्या प्रती त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी ओळखल्या, पण हातात घेतल्या नाहीत.

"पत्र खरं होतं की नाही?" ते म्हणाले. "मी खोटा कागद दिला का तुला?"

"ते मागे घेतलंय, हे तुम्हाला माहीत होतं. धुळ्याला जाऊन आलो म्हणालात."

"जागा हातची जाणारच होती. जाण्याआधी विकली. बाजारात सगळे हेच करतात."

"मग माझ्याकडून का करून घेतलंत? दुसरे वकील नव्हते?"

"दुसरे चौकशी करत बसले असते." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आपण काय बोललो ते त्यांना कळलं की नाही, पलकला सांगता आलं नसतं. पहिलं काम घरचं, याचा अर्थ तिला त्या क्षणी लागला. आपल्याला हुशार समजून काम दिलं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. त्यांना फक्त प्रश्न न विचारणारी सही हवी होती.

ती रडली नाही. खोलीत जाऊन तिनं बँकेला पत्र लिहिलं. रिपोर्ट चुकीचा आहे, विकणारे माझे आजोबा आहेत, ही गोष्ट मी कळवली नाही, ट्रस्टकडे जाऊन मी स्वतः चौकशी केली नाही. मग सुयशला फोन करून सगळ्या प्रती त्याच्या घरी नेऊन दिल्या.

"दुसरा वकील करा," ती म्हणाली. "नोटिशीत माझंही नाव घाला. केस झाली तर मला साक्षीला बोलवा. मी खरं सांगेन."

"आजोबांविरुद्ध?"

"हो."

लिलाबाई आत बसून ऐकत होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं.

नोटीस आली तेव्हा रिखबचंद हसले. नात साक्षीला उभी राहणार, हे त्यांच्या वकिलानं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. पाच महिने ओढाताण चालली. घरात कुणी पलकशी धड बोलेना. आजी मोहनबाई ताट वाढायच्या आणि मान फिरवायच्या. बँकेनं यादीतून तिचं नाव काढलं. शेवटी खरेदी रद्द करायला दादाजी तयार झाले. पैसे परत मिळाले. मुद्रांक शुल्क आणि कर्जाचं व्याज यांच्यावरून अजून भांडण चालूच आहे.

खरेदी रद्द केल्याचा दस्त नोंदवायच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सगळे आले होते. दादाजींनी सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसले. पलकच्या दिशेनं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर लिलाबाई तिच्यापाशी थांबल्या.

"तू खरं बोललीस, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता कुठलाही कागद घेऊन तुझ्याकडे यायची नाही. राग मानू नको, बाई."

"नाही मानत," पलक म्हणाली. "मीही आले नसते."

लिलाबाई सुयशच्या मोटरसायकलवर बसून गेल्या. फाटकासमोर दादाजींची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून तिच्याकडे पाहिलं. आत दादाजी समोर बघत बसले होते. पलकनं नकारार्थी मान हलवली, तसं दार लागलं आणि गाडी निघून गेली. दुपारी तिची एक तारीख होती. ती कोर्टाच्या दिशेनं चालू लागली.