उलट बाजूची केबल

"ताई, तेवढं एक काम होतं," भाऊ दारातूनच म्हणाला.

शिवणकारखान्यात तीसेक मशिनं धडधडत होती. थोरलीनं ऐकलं, पण मान वर केली नाही. बंद पडलेल्या मशीनमधला दोऱ्याचा गुंता ती चिमट्यानं काढत होती. तिनं तो पुरता काढला, तेलाचे दोन थेंब सोडले, चाक हातानं फिरवून बघितलं आणि मगच म्हणाली, "अकरा वर्षांनी वाट चुकलास?"

"प्रोफेसरांची सायकल आलीय. ती जुनी, रेसची. परवा त्यांची म्हाताऱ्यांची शर्यत आहे आणि गिअर काही बसत नाही. चार दिवस झाले."

भावाचं तोंड पडलं होतं. नखांत काळं तेल, डोळ्यांखाली काळं. थोरलीच्या मनात अशा उकळ्या फुटल्या की विचारू नका. सख्ख्या भावाला असं बघून आनंद होऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना म्हणू दे, तिला झाला.

बाबांचं सायकलचं दुकान होतं. चौदाव्या वर्षापासून थोरली त्याच्या मागच्या खोलीत बसून गिअर लावायची आणि तयार सायकल पुढे काउंटरवर धाकटा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, पोराचा हात भारी आहे हो. बाबा नुसते हसायचे. आठ वर्षं तिनं ते हसणं पडद्याआडून ऐकलं. मग एक दिवस दुकानाची पाटी नव्यानं रंगवली गेली आणि बाबांच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असं आलं. त्या दिवशी तिनं पाना ठेवला आणि डूख धरला. दुकान तिला नकोच होतं. बाबांनी एकदा, चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं की तो हात माझ्या थोरलीचा होता, एवढंच तिला हवं होतं. आता तर बाबांची नजरही गेली होती, आणि दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत.

"जुळतच नाही गं काही," भाऊ सांगत होता. "हँडलवरचा गिअर बदलायचा खटका एका कंपनीचा, मागचा गिअर दुसरीचा, चाकाच्या दातेरी चकत्या तिसरीच्याच. तरी प्रोफेसर म्हणतात, इथेच बसवून घेतली होती, चौदा वर्षं लोण्यासारखी चालली."

"केबल बदललीस?"

"बदलली ना. कुणी गाढवानं ती बोल्टच्या उलट्या बाजूनं आवळली होती. मी नीट खोबणीत बसवली."

थोरली इतकी हसली की शेजारची बाई शिवायची थांबली.

"ते गाढव मी," ती म्हणाली.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. त्या खटक्याची एक उडी चकत्यांमधल्या अंतरापेक्षा किंचित मोठी होती, म्हणून चेन दरवेळी पुढे जाऊन खरखरायची. केबल बोल्टच्या त्या उलट्या, वरच्या बाजूनं आवळली की उडी केसभर आखूड होते आणि सगळं जुळतं. हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या थोरलीनं तीन दिवस मागच्या खोलीत डोकं लावून ते शोधलं होतं, आणि या शहाण्यानं ते चूक म्हणून दुरुस्त केलं.

"येते," ती म्हणाली. "पण मागच्या खोलीत बसणार नाही. पुढे, काउंटरसमोर. बाबांना बाहेर आणून बसवायचं आणि मी आलेय हे त्यांना सांगायचं नाही."

"असं का?"

"कान शाबूत आहेत ना त्यांचे? ओळखू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान भरलेलं होतं. प्रोफेसरांबरोबर त्यांच्या शर्यतीतले पाचसहा म्हातारे आले होते, सगळे पोटऱ्या दाखवत फिरणारे. बाबा खुर्चीत बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. थोरलीला बघताच प्रोफेसर काही बोलणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी भुवया उंचावल्या आणि मान डोलावली.

सायकल स्टँडवर टांगलेली होती. तिनं बोल्ट सैल केला, केबल वरून घेतली, ताणली, आवळली. मग ते दोन बारके स्क्रू, चेनला दोन्हीकडे हद्द घालून देणारे. पाव फेरा इकडे, त्याहून कमी तिकडे. एका हातानं पेडल फिरवत तिनं खटका दाबला. टक. पुन्हा टक. आठही चकत्यांवर चेन चढली आणि उतरली, कुठे कुरकुर म्हणून नाही. अकरा वर्षांत हात विसरले नव्हते.

म्हातारे खूश झाले. थोरली बाबांच्या तोंडाकडे बघत होती. आता म्हणतील, आता.

बाबांनी मान हलवली. "शाबास रे, बाळा," ते धाकट्याच्या दिशेनं म्हणाले. "बसला हात."

भावानं मान खाली घातली. नाही हो बाबा, एवढं म्हणायला त्याला काय झालं होतं?

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं बोल्ट सोडला, केबल मोकळी केली, दोन्ही स्क्रू चारचार फेरे उलटे फिरवले आणि पाना भावाच्या हातात ठेवला. कर म्हणावं आता, सगळ्यांसमोर.

भावानं केबल वरून आवळली, आत्ताच बघितलं होतं ना. पण नुसतं बघून येतं तर काय हवं होतं? पहिल्या खटक्याला चेन जागची हलली नाही, दुसऱ्याला दोन चकत्या ओलांडून गेली, तिसऱ्याला पार पलीकडे जाऊन चाकाच्या तारांत घुसली आणि खडखडाट झाला. एक म्हातारा हसला. भाऊ कानापर्यंत लाल झाला. थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"थांब," बाबा म्हणाले. "थोरलीला दे ते."

"मघाचा हात तिचा होता," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून तिचाच. प्रोफेसर, तुमची सायकल तेव्हाही तिनंच बसवली होती."

"मग मघाशी मला शाबास का म्हणालात?" भावानं विचारलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"लोक होते ना समोर," बाबा म्हणाले.

झालं. चारचौघांत, त्यांच्याच तोंडून. जे मागायला ती आली होती ते मिळालं, आणि सोबत हेही कळलं की बाबांनी ते जाणूनबुजूनच झाकलं होतं. पडद्यामागे बसून ती समजत आली होती की सांगायचं बाबांकडून चुकून राहतंय. चूक कसली? एवढी वर्षं तिनं उगाच त्यांची बाजू राखली होती.

प्रोफेसरांचा यात काही दोष नव्हता. तिनं तारांतून चेन सोडवली, गिअर पुन्हा बसवला, सायकल खाली उतरवून त्यांच्या हाती दिली. ते मनापासून "थँक्यू" म्हणाले. तिनं कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, नखं घासून घासून.

"थोरले," बाबांनी हात पुढे केला. "इकडे ये गं."

तिनं पदराला हात पुसले आणि ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.

बाबांचा हात तसाच पुढे होता. म्हाताऱ्यांना कुठे बघावं कळेना. शेवटी भावानं तो हात धरला आणि त्यांना आत नेलं.