सावलीला धार नसते

“कवाड लाव, शामकला. गिरान लागून राहिलं,” जमुनाबाईनं खाटेवरून सुनेला सांगितलं.

शामकलानं रिंकीच्या अंगात स्वेटर चढवला आणि स्वतः चपला घातल्या.

“कुठं चालली?”

“शाळेत. म्याडमनं दुर्बीण आणली. लेकरायसंगं मायबापायलेबी बलावलं.”

“आजच्याच दिवशी? एकदा भोगलं, तरी अक्कल नाही आली?”

“आली म्हणूनच जाऊन राहिली, माय.”

रिंकी पोटात असताना एका पहाटे ग्रहण होतं. श्यामलालला, तिच्या नवऱ्याला, धान कापायला लवकर निघायचं होतं, म्हणून शामकला विळीवर वांगी चिरायला बसली. मूल जन्मलं ते फाटका ओठ घेऊन. नागपूरच्या डॉक्टरांनी ओठ शिवला, ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही असंही सांगितलं. पण देवरीकडच्या त्या गावात ते कोण ऐकणार? लग्नात, बारशात, बोअरिंगवर बायका तिच्याकडे बोट दाखवून नव्या सुनांना सावध करत. पोरं रिंकीला ‘गिरानी’ म्हणत. शामकलानं कधी उलट उत्तर दिलं नाही. तिची तिलाच खात्री नव्हती. वांगी तिनंच तर चिरली होती.

२०११च्या डिसेंबरातली ती संध्याकाळ. शाळेच्या मैदानात मोजकीच माणसं जमली होती. बाकीच्या गावानं दारं लावून घेतली होती. भूमेश्वरी मॅडमनी दुर्बिणीचं तोंड चंद्राकडे वळवलं.

“घाबरू नका, ताई. एक डोळा मिटा.”

शामकलानं पदर खोचला. ज्याच्या नावानं आळ आला, त्याला एकदा समोरून पाहायचंच, असं ठरवून ती वाकली.

चंद्र केवढा तरी मोठा झाला होता. देवीच्या वणांसारखे खड्डे, आणि एका अंगानं हळूहळू चढणारा गोल अंधार.

“हे काळं काय होय, म्याडम?”

“सावली. आपल्या धरतीची. आपण साऱ्या जिच्यावर उभ्या आहोत ना, तिचीच.”

“अन् तिले काही... धार गिर?”

मॅडमना आधी कळलंच नाही. मग रिंकीकडे पाहून कळलं. “सावलीले कुठली धार, ताई?”

शामकला वाकलेलीच राहिली. मागे पोरं कुरकुरली तरी हलली नाही. डोळ्यात पाणी आलं तसा चंद्र पसरट झाला. तिनं पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“येवढंच?” ती म्हणाली. “आठ वर्सं, येवढ्यासाठी?”

मग तिनं रिंकीला स्टुलावर उभं केलं.

जमुनाबाई फाटकाशी कधी येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नाही. “आजी, चांद पाय ना व! लाल होऊन राहिला!” रिंकी ओरडली. म्हातारीनं मान हलवली आणि चंद्राकडे पाठ केली, पण नातीला ओढून नेलं नाही.

तिघी घरी आल्या तेव्हा चंद्र पुरता तांबडा झाला होता. शामकलानं दोन ताटं मांडली. ग्रहणात त्या घरात आजवर कोणी घास उचलला नव्हता. रिंकीनं आजीकडे पाहिलं.

“जेव,” शामकला म्हणाली.

जमुनाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. न वळताच ती बोलली, “वरन थंडं झालं असंल. गरम करून घे.”

शामकलानं चूल पेटवली.